कागदात खोट नाही

चौकटमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उन्हानं इतका उडाला होता की ते कुणाला वाचता येत नसे, आणि वाचायची कुणाला गरजही पडत नसे. बाजाराच्या दुमजली इमारतीत, जिन्याखाली, एका बाजूला घड्याळं दुरुस्त करणारा आणि दुसऱ्या बाजूला चाव्या करून देणारा, यांच्यामध्ये आठ बाय सहाची जागा. तिच्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं एक मशीन आणि मास्तरांचा राग. पहिल्या तिन्ही गोष्टी अधूनमधून बंद पडत.

लोक तिथे नोकरीच्या अर्जासोबत द्यायचा कागद करून घ्यायला येत. कुणी त्याला बायोडाटा म्हणे, कुणी रेझ्युमे. मास्तर नुसतं 'कागद' म्हणत आणि अशा थाटात म्हणत, की बाकीचं सगळं जग रद्दीच आहे. त्यांच्या कागदाला चौकट असायची. दुहेरी. बाहेरची रेघ जाड, आतली बारीक, आणि चारही कोपऱ्यांत एक छोटासा वळसा, जो त्यांनी स्वतः माउसनं काढला होता आणि ज्यासाठी त्यांचे दोन दिवस आणि बायकोशी एक भांडण खर्ची पडलं होतं. डावीकडे करड्या रंगाचा उभा पट्टा. त्यात फोटो, जन्मतारीख, छंद. उजवीकडे शिक्षण आणि अनुभव. येणाऱ्या प्रत्येक कामासमोर पाच गोल, जितकं येतं तितके काळे भरलेले. नाव सगळ्यात वर, वेगळ्या खोक्यात, मागे सावली टाकलेल्या अक्षरांत. भंगारवाल्याचा मुलगासुद्धा तो कागद हातात घेतल्यावर ताठ उभा राहायचा, हे मी खोटं सांगत नाही.

अक्षरांशी त्यांचं नातं जुनं. सोळाव्या वर्षी छापखान्यात जुळारी म्हणून लागले. शिशाचे अक्षरांचे खिळे एकेक उचलायचे, ओळीत बसवायचे, उलटं वाचायचं, अख्खं पान दोऱ्यानं बांधायचं. सतराव्या वर्षी असंच एक बांधलेलं पान जिन्यावरून नेताना हातातून सुटलं. चारशे ओळी पायऱ्यांवर सांडल्या. मालकानं आवाज चढवला नाही, फक्त म्हणाला, "वेच." तीन दिवस ते जिन्यावर बसून खिळे वेचत होते आणि एकेक आपापल्या खणात टाकत होते. त्यानंतर त्यांच्या हातून कधी अक्षर सुटलं नाही. छापखाना बंद पडला तेव्हा चौतिशी आली होती. कॉम्प्युटरच्या वर्गात टक्कल पडलेले ते एकटेच होते, पण परीक्षेत पहिले आले आणि हे दुकान काढलं.

समोरच्या गाळ्यात एक झेरॉक्सवाला होता. त्यानं एकदा मास्तरांनी केलेल्या एका कागदाची फाइल गिऱ्हाइकाकडून मिळवली, नाव-पत्ता बदलला आणि तीच चौकट, तोच वळसा, दहा जणांना विकला. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला: फाइल उघडी द्यायची नाही. कागद तयार झाला की त्याचा फोटो करायचा आणि तो फोटोच गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा. दिसायला हुबेहूब तसाच, पण कुणाच्या बापाला त्यातलं एक अक्षर हलवता येणार नाही. या युक्तीवर ते फार खूश होते. घड्याळवाल्याला त्यांनी ती तीनदा समजावून सांगितली होती.

गिऱ्हाइकं परत येत. "काका, चाळीस ठिकाणी पाठवला. एकाचाही फोन नाही." सुरुवातीला मास्तर धीर द्यायचे. मग वैतागायला लागले. जे समजून घ्यायचं ते समजून न घेता वैतागणं माणसाला फार लवकर जमतं. बॉयलरवर अठरा वर्षं काम केलेला एकजण तिसऱ्यांदा आला, तेव्हा त्याचा कागद खिडकीकडे धरून मास्तर म्हणाले, "बघा. एक रेघ वाकडी दाखवा. मी माझं काम चोख दिलंय. पुढचं तुमचं तुम्ही बघा." बॉयलरवाला मान खाली घालून गेला तो पुन्हा आला नाही. मास्तरांना वाटलं, पटलं त्याला.

आणि मग त्यांची लेक.

ती लॅबमध्ये रक्त तपासायची. मायक्रोस्कोपला डोळा लावून स्लाइडवरच्या पांढऱ्या पेशी मोजायची, आणि मोजताना डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राहायचा. तो हात जेवतानाही तसा चाले, आई म्हणायची, "अगं, भात मोजू नकोस, खा." दोन वर्षं तिनं एका लहानशा लॅबमध्ये काम केलं. डॉक्टर वारले, लॅब बंद झाली. मास्तर म्हणाले, "काळजी कसली करतेस? तुझा कागद मी करतो."

आणि त्यांनी जीव ओतला. इतरांना करडा पट्टा, हिला फिकट निळा. कोपऱ्यातल्या वळशाला नक्षीचं एक पान जास्त. 'रक्तपेशी मोजणे' यापुढचे पाचही गोल काळेभोर. त्याची एक प्रत दुकानाच्या काचेवर नमुना म्हणून मधोमध लावली. ती दिसली की गिऱ्हाईक म्हणे, "मला असाच." दर महिन्याला ते त्यात काहीतरी सुधारत आणि लेक तो नवा कागद इंटरनेटवरून हॉस्पिटलांना, लॅबना, औषधांच्या कंपन्यांना पाठवत असे. पाठवला की काही सेकंदांत 'अर्ज मिळाला, आभारी आहोत' असं उत्तर यायचं. त्यापुढे काही नाही.

एकशे चाळीस अर्ज झाल्यावर एका संध्याकाळी ती दुकानात आली आणि जरा चाचरत म्हणाली, "बाबा, कागदातच काही चुकत असेल का? माझ्याबरोबरच्या एकीनं अगदी साधा पाठवला होता. तिला बोलावलं."

मास्तरांना ते झोंबलं. पोटची पोर, आणि तीसुद्धा समोरच्या झेरॉक्सवाल्यासारखं बोलते.

"पंचेचाळीस वर्षं अक्षरं जुळवतोय मी," ते म्हणाले. "कागदात खोट नाही. खोट कुठे आहे ते तूच शोध."

चावीवाल्यानंही त्याची कानस थांबवली होती, एवढं ते मोठ्यानं झालं. त्यानंतर लेकीनं अर्ज पाठवणं बंद केलं आणि महिन्याभरात बाजाराच्या वरच्या मजल्यावर सुटकेस-बॅगांच्या दुकानात काउंटरला उभी राहिली. बॅग उघडून दाखवायची, आतले कागदाचे बोळे बाहेर काढायचे, गिऱ्हाईक गेलं की परत कोंबायचे. मास्तरांच्या डोक्यावरच ती दिवसभर उभी असे. त्याला आता तीन वर्षं होत आली. बापलेकीचं बोलणं होतं, पण 'जेवलात का' आणि 'येते' यापलीकडे जात नव्हतं. मास्तर बायकोला म्हणायचे, "पोरीत जिद्दच नाही." बायको म्हणायची, "होती," आणि भांडी घासायला लागायची.

मग एका दुपारी एक बाई आल्या, आईच्या आजारपणाच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला. समोरच्या रांगेतली वीज गेली होती म्हणून इकडे आल्या. नाहीतर आल्याही नसत्या आणि मास्तर आजही सुखात असते. मास्तरांचा प्रिंटर झेरॉक्सही काढायचा; तो तापेपर्यंत त्या काचेवरचे नमुने बघत राहिल्या.

"असे कागद अजून करता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मास्तरांना वाटलं, कौतुक आहे. "आता कोण करतंय, मॅडम. मी आहे तोवर."

"मी कंपनीत भरतीचं काम बघते," बाई म्हणाल्या. "एका जागेला नऊशे अर्ज येतात. ते मी नाही वाचत, मशीन वाचतं. नऊशेतले चाळीस पुढे सोडतं. मी ते चाळीस बघते. गेल्या सहा वर्षांत अशी चौकट माझ्या टेबलावर आलेली नाही. म्हणून विचारलं."

"म्हणजे?"

"हा मधला निळा उघडा ना जरा. आणि माउस द्या."

मास्तरांनी लेकीची फाइल उघडली. बाईंनी माउस दाबून तिच्या नावावरून फिरवला, अनुभवावरून फिरवला, वरपासून खालपर्यंत फिरवला. अक्षरं निवडली की निळी होतात, तसं एकही झालं नाही.

"यात एकही अक्षर नाही, काका."

मास्तर हसलेच. "चष्मा लावा मॅडम. अक्षरंच अक्षरं आहेत."

"तुम्हाला दिसतायत. हा फोटो आहे. मशीनला नुसता एक चौकोन मिळतो, रिकामा. नाव नाही, शिक्षण नाही, काही नाही. रिकामा कागद पाठवणाऱ्याला ते पहिल्या फेरीतच बाजूला काढतं."

"फोटो मुद्दाम केलाय," मास्तर म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांचा आवाज उतरला. "समोरचा चोरतो."

"मग मशीनपासूनही लपवून ठेवलात की," बाई म्हणाल्या. त्यांना टोचायचं नव्हतं, पण लागायचं ते लागलं.

मास्तर इतक्यात हार मानणारे नव्हते. त्यांनी मूळ फाइल काढली, उघडी, जिच्यात अक्षरं अक्षरांसारखी होती. "आता बघा." बाईंनी सगळा मजकूर उचलला आणि एका कोऱ्या पानावर टाकला. "मशीनला साधारण हे दिसतं."

नाव गायब होतं. ते वेगळ्या खोक्यात होतं आणि खोक्यात मशीन डोकावत नाही. गोल गायब. बाकीचं सगळं एकमेकांत शिरलं होतं, कारण मशीनला दोन रकाने कळत नाहीत, ते डावीकडून उजवीकडे सरळ ओळ वाचत जातं. 'जन्मतारीख लॅब सहायक पोहणे दोन वर्षे अविवाहित रक्तपेशी वाचन मोजणे.' मास्तर वाचत राहिले. पायऱ्यांवर सांडलेलं पान त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आणि ते वेचता तरी आलं होतं.

बाई तशा भल्या होत्या. पावतीच्या मागच्या बाजूला त्यांनी लिहून दिलं. एकच रकाना. रेघा नाहीत, खोकी नाहीत, फोटो नाही. वर नाव-फोन साधेपणानं, खाली शिक्षण, अनुभव. "आणि जाहिरातीत जे शब्द असतील तेच कागदात हवेत. सुंदर त्याला कळत नाही. ओळखीचं तेवढं कळतं." झेरॉक्सचे पैसे ठेवून त्या गेल्या. एवढं सगळं सांगायला त्यांना दहा मिनिटं लागली होती.

मास्तरांनी शटर अर्धं ओढलं. कॉम्प्युटरमध्ये जुन्या गिऱ्हाइकांच्या फाइली होत्या, वर्षावार, एक हजार तीनशे बारा. बॉयलरवाल्याची सापडली. त्याला फोन लावायचा म्हणून नंबर काढला, फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. काय सांगणार होते? तुम्ही रिकामा कागद पाठवत होता आणि वरून माझ्या शिव्या खात होता, हे? माणसानं चूक केल्यावर तोंड लपवायला निदान स्वतःचं दुकान असावं, ती सोय त्यांच्याकडे होती.

लेकीचा नवा कागद त्यांनी वीस मिनिटांत केला. काळी अक्षरं, पांढरं पान, बस. किराणा सामानाच्या यादीलाही याहून जास्त डौल असतो. एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबची जाहिरात होती. तिच्यातले शब्द जसेच्या तसे उचलून बसवले. लेकीच्या मेलचा पासवर्ड त्यांच्याच वहीत होता, कारण मेल त्यांनीच उघडून दिला होता. तिला न सांगता त्यांनी तो कागद पाठवून दिला.

मधल्या दिवसांत एक पोरगा कागद करून घ्यायला आला. मास्तरांनी साधा करून दिला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. "काका, याचे पैसे घेणार? हे तर मीही केलं असतं. ती चौकट कुठाय?" मास्तर समजावायला लागले, तोवर तो समोर गेला. समोर मास्तरांचीच चौकट मिळत होती, वळशासकट.

नवव्या दिवशी लेकीला फोन आला.

ती धावत जिना उतरली. तीन वर्षांत तिला धावताना त्यांनी पाहिलं नव्हतं. "बाबा, बोलावलंय! तीन वर्षांपूर्वीचा कुठलातरी अर्ज आता उघडला असेल त्यांनी. तुमचाच कागद, बाबा!" मास्तर मूग गिळून बसले. घड्याळवाल्यानं पेढे मागितले. त्या संध्याकाळी लेकीनं काचेवरचा निळा कागद काढून, पुसून, आपल्या फाइलमध्ये सर्वांत वर ठेवला. मास्तर बघत होते. तेव्हाही बोलले नाहीत.

मुलाखतीच्या दिवशी तिनं दुकानातून रजा घेतली होती. मास्तरही दुकान न उघडता घरीच थांबले. दुपारी ती परत आली. चप्पल काढून जागेवर ठेवली. आईनं पाणी दिलं, ते प्यायली आणि टेबलापाशी बसली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"त्यांच्या समोर माझा कागद होता. चौकट नाही, फोटो नाही, काही नाही. मी म्हटलं, हा माझा नाही. ते म्हणाले, तुमच्याच मेलवरून आलाय, गेल्या महिन्यात." तिनं वर पाहिलं. "कुणी केला तो?"

"मी."

आई दारातच उभी राहिली. मास्तरांनी सांगितलं. बाई आल्या ते, फोटोचं, रिकाम्या चौकोनाचं, सगळं. सांगताना त्यांचे हात मांडीवर होते आणि नजर हातांवर.

"आणि हे मला सांगितलं नाहीत," लेक म्हणाली.

"नोकरी लागली की सांगणार होतो."

हे खोटं होतं. नोकरी लागली असती तर ते जन्मात सांगणार नव्हते, आणि खोलीतल्या तिघांनाही ते ठाऊक होतं.

"नोकरी नाही लागली," ती म्हणाली. "मायक्रोस्कोपसमोर बसवलं. शंभर पेशी मोजा म्हणाले. तीनदा मोजल्या, तीनदा आकडा चुकला. हात थरथरत होता."

"तुझा हात कधी थरथरत नव्हता."

"नव्हता."

"माझी चूक आहे," मास्तर म्हणाले. हे शब्द त्यांनी याआधी कुणापुढे उच्चारले नव्हते, त्यामुळे ते जरा मोठ्यानंच आले. "खोट कागदातच होती, पोरी. तुझ्यात काही नव्हतीच."

लेक रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं फाइलमधला निळा कागद काढला आणि टेबलावर सरळ करून ठेवला.

"तुम्ही म्हणाला होतात, खोट कुठे आहे ते तूच शोध," ती म्हणाली. "मी शोधली, बाबा. बॅगांमध्ये बोळे कोंबताना दुसरं काय करायचं होतं? माझा आवाज बारीक आहे. मी समोरच्याकडे बघून बोलत नाही. कॉलेज साधं होतं. मला वाटतं तेवढं मला येत नसणार. रोज एक तरी सापडायची. हात थरथरतो हे आधी नुसतं मनात आलं होतं, मग खरंच थरथरायला लागला. आता तुम्ही म्हणता, काही नव्हतीच. मग या इतक्या सापडल्या त्यांचं मी काय करू?"

मास्तरांनी पाण्याचा रिकामा पेला बाजूला सरकवला.

"उद्या बॅगांचं दुकान साडेनऊला उघडायचंय," लेक म्हणाली. ती उठून आत गेली. आईही तिच्यामागे गेली.

टेबलावर निळा कागद राहिला होता. मास्तरांनी तो उचलला, चष्मा सारखा केला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं वरपासून खालपर्यंत तपासला. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.